चुकीचं आर्ग्युमेंट आलं की कोणतं एक्सेप्शन टाकायचं?

नवी_पाटी

मंडळी, एका कोड रिव्ह्यूत (सहकारी माझा कोड तपासतात तो टप्पा) तीन दिवस अडकले आहे. मुद्दा सांगायलाही लाज वाटावी इतका लहान आहे.

जावामध्ये एक मेथड लिहिली. तिला तीन आर्ग्युमेंट्स लागतात: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि एका पानावर किती ओळी दाखवायच्या तो आकडा. आत शिरताच तपासणी ठेवली. तारीख नल (म्हणजे किंमतच नाही) असेल, सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेच्या पुढची असेल किंवा ओळींचा आकडा शून्य वा उणे असेल, तर इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन टाकलं, म्हणजे 'चुकीची किंमत आली' असा इशारा देऊन काम तिथेच थांबवलं. (यापुढे आयएई म्हणते, टंकून बोटं दुखतील.)

पहिले रिव्ह्यूअर म्हणतात, नलसाठी नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे एनपीई टाक. दुसरे म्हणतात, एनपीई हाताने टाकणं म्हणजे स्वतःच्याच कोडवर बग चिकटवणं. तिसऱ्यांनी 'चुकीचा तारीखपट्टा' अशा नावाचा वेगळा एक्सेप्शन क्लासच बनवायला सांगितलाय. तिघंही माझ्याहून सीनियर आणि तिघंही ठाम. मी ऐकू कोणाचं?

---

सेमीकोलन

यात ऐकण्यासारखं काही नाही, जावाचा रिवाज ठरलेला आहे. नल चालत नसताना नल आला की एनपीई. इंडेक्स हद्दीबाहेर गेला की इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स. बाकी सगळ्या चुकीच्या किमतींना आयएई. 'ऑब्जेक्ट्स' क्लासमधली 'रिक्वायर नॉन नल' ही मेथड जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, याच कामासाठी आहे आणि ती एनपीईच टाकते. 'ऑप्शनल'च्या 'ऑफ'ला नल द्या, एनपीई. 'लिस्ट ऑफ'मध्ये नल घाला, एनपीई. भाषेच्या लायब्ररीनेच हे ठरवलंय म्हटल्यावर आपण वेगळी चूल कशाला मांडायची?

विषय संपला.

---

शून्यवत

कुठला संपतोय.

सेमीकोलन, रिवाज तुम्ही बरोबर सांगितलात, पण दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणंही समजून घ्या. प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या सेवेच्या) लॉगमध्ये एनपीई दिसली की पहिला विचार येतो, 'कोणीतरी तपासायला विसरलं'. तपासून टाकलेली एनपीई आणि गाफीलपणे उडालेली एनपीई यांचं नाव एकच. रात्री अडीचला लॉग वाचणाऱ्याने त्या कशा वेगळ्या ओळखायच्या? आयएईत निदान एवढं कळतं की आत कोणीतरी दारावर उभं होतं आणि त्याने अडवलं.

---

सेमीकोलन

स्टॅक ट्रेसची (कोणत्या मेथडने कोणाला कॉल केला त्या यादीची) सगळ्यात वरची ओळ वाचून. तिथे 'रिक्वायर नॉन नल' दिसलं तर दारावर अडवलं, नाही दिसलं तर आत घुसून पडलं. शिवाय त्या मेथडला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून संदेश देता येतो. 'सुरुवातीची तारीख नल आहे' एवढं लिहिलं की अडीच वाजताही कळतं.

आणि गाफील एनपीईसुद्धा आता पूर्वीसारखी मुकी राहिलेली नाही. जावा १४ मध्ये (२०२०) नेमकी कोणती गोष्ट नल होती ते संदेशातच सांगायची सोय आली, आणि १५ पासून ती आपोआप चालू असते.

---

शार्प_नजर

आमच्याकडे डॉटनेटमध्ये हा तंटा कधी उद्भवलाच नाही, कारण तिथे नलसाठी वेगळं एक्सेप्शन आहे: आर्ग्युमेंट नल एक्सेप्शन. किंमत हद्दीबाहेर असेल तर आर्ग्युमेंट आउट ऑफ रेंज एक्सेप्शन. दोन्ही आर्ग्युमेंट एक्सेप्शनची मुलं. नल रेफरन्स एक्सेप्शन ही रनटाइमने टाकायची गोष्ट, आपण हाताने टाकायची नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. म्हणजे शून्यवत यांची तक्रार तिथे मुळातच मिटलेली.

पण या घराण्यात एक खोडी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्ग्युमेंट एक्सेप्शनच्या कन्स्ट्रक्टरला आधी संदेश द्यायचा, मग पॅरामीटरचं नाव. त्याच्या दोन्ही मुलांना मात्र आधी पॅरामीटरचं नाव, मग संदेश! दोन्ही स्ट्रिंगच (मजकूरच), त्यामुळे उलटे दिले तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. मी वर्षभर उलटे देत होतो. लॉगमध्ये 'वय हे शून्यापेक्षा मोठे असावे या नावाच्या पॅरामीटरमध्ये चूक' अशा धर्तीचं काहीतरी उमटायचं आणि मला वाटायचं लॉगिंगची लायब्ररी बिघडलीय.

२०१५ मध्ये सी शार्प ६ सोबत 'नेम ऑफ' आलं, तेव्हापासून नाव हाताने टंकणं सुटलं. डॉटनेट ६ मध्ये (२०२१) 'थ्रो इफ नल' आलं, त्यात नाव लिहावंच लागत नाही. डॉटनेट ८ पासून (२०२३) 'थ्रो इफ निगेटिव्ह', 'थ्रो इफ झीरो' अशी भावंडंही आहेत. पाटीताईंच्या ओळींच्या आकड्याची तपासणी तिथे एका ओळीत झाली असती.

---

अजगरप्रेमी

पायथनमध्ये प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने पडतो: गोष्टीचा प्रकारच चुकीचा आहे, की प्रकार बरोबर पण किंमत चुकीची? पहिल्याला टाइप एरर, दुसऱ्याला व्हॅल्यू एरर. 'इंट'ला रिकामी लिस्ट दिलीत तर टाइप एरर येते, कारण लिस्टचा पूर्णांक होणार कसा. त्यालाच 'अबक' ही स्ट्रिंग दिलीत तर व्हॅल्यू एरर, कारण स्ट्रिंग चालते, फक्त ही स्ट्रिंग चालत नाही. उणे एकचं वर्गमूळ 'मॅथ' मॉड्यूलकडे मागा, व्हॅल्यू एरर. ही विभागणी मला जावापेक्षा स्वच्छ वाटते. नलसाठी, म्हणजे आमच्या 'नन'साठी, वेगळं काही लागत नाही, बहुतेक वेळा ती सरळ टाइप एररच ठरते.

अवांतर: 'इंट'ला देवनागरीत '१२' दिलंत तर एरर येत नाही, बारा मिळतात.

---

सेमीकोलन

जावाच्या 'पार्स इंट'लाही (स्ट्रिंगचा पूर्णांक करणारी मेथड) देवनागरी अंक चालतात. :)

---

शार्प_नजर

सी शार्पला नाही चालत, फॉरमॅट एक्सेप्शन मिळतं. म्हणजे 'अवैध आर्ग्युमेंट' कशाला म्हणायचं यावरही तीन भाषांचं एकमत नाही.

---

जुनेजाणते

सी प्लस प्लसवाला म्हणून दोन शब्द.

आमच्या प्रमाण लायब्ररीत एक्सेप्शनची दोन मोठी घराणी आहेत. लॉजिक एरर म्हणजे प्रोग्रॅम नीट लिहिला असता तर टळली असती अशी चूक. रनटाइम एरर म्हणजे प्रोग्रॅम कितीही नीट लिहिला तरी बाहेरच्या जगामुळे घडू शकणारी. इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, आउट ऑफ रेंज, लेंथ एरर, डोमेन एरर ही चारही लॉजिक एररची लेकरं. कागदावर देखणं आहे.

मग लायब्ररीच काय करते बघा. सी प्लस प्लस ११ मध्ये 'एसटीओआय' हे फंक्शन आलं. स्ट्रिंग द्या, पूर्णांक घ्या. स्ट्रिंगमध्ये आकडा नसेल तर ते इनव्हॅलिड आर्ग्युमेंट टाकतं, म्हणजे लॉजिक एरर. आता ती स्ट्रिंग वापरणाऱ्याने कीबोर्डवरून टंकलेली असेल तर त्यात प्रोग्रॅमरची कसली आली चूक? समोरच्याने 'अबक' टंकलं, त्याला मी काय करू? आकडा फार मोठा असेल तर आउट ऑफ रेंज, तेही त्याच घराण्यातलं. ज्यांनी वर्गवारी आखली त्यांच्याच घरात ती टिकली नाही.

यावरून मी एवढंच शिकलो, की 'कोणतं एक्सेप्शन' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, चूक कोणाची? याचं सगळ्यात रोखठोक उत्तर मला आयफेल भाषेत सापडलं. बर्ट्रांड मेयर यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. तिथे प्रत्येक रूटीनवर करार लिहायचा: येणाऱ्याने काय पाळायचं, आणि ते पाळलं तर मी काय देईन. पहिली अट मोडली की दोष कॉल करणाऱ्याचा, दुसरी मोडली की दोष लिहिणाऱ्याचा. अट मोडल्यावर काय टाकायचं याची चर्चा त्यानंतर.

---

पडद्यामागचा

जुनेजाणते यांना +१, आणि त्यांनी जिथे सोडलं तिथून पुढे. मला यासाठी किंमत मोजावी लागली आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आधीच्या एका कंपनीत आमची वेब सेवा होती. कोणीतरी हुशारीने एक सार्वत्रिक एरर हँडलर लिहिला होता: कुठूनही आयएई आली की ग्राहकाला ४०० परत द्यायचा, 'तुमची विनंती चुकीची आहे'. बाकी काहीही आलं की ५००, 'चूक आमच्याकडे आहे'. अलार्म फक्त ५०० वर लावलेले. सोयीचं होतं. कंट्रोलरमध्ये तपासणी करा, आयएई टाका, ४०० आपोआप. आम्ही सगळेच खूश.

एक दिवस एका मोठ्या ग्राहकाचा फोन. आठवडाभर त्यांची यादी उघडत नव्हती. आमच्याकडे एकही अलार्म नाही, आलेख सपाट. लॉग उपसल्यावर दिसलं की त्यांना सतत ४०० जातोय आणि संदेश काय, तर तुलनेची मेथड करार मोडते आहे. जावा ७ पासूनचं सॉर्टिंग, टिमसॉर्ट, तुमच्या कंपॅरेटरमध्ये (दोन गोष्टींत आधी कोणती ते सांगणाऱ्या कोडमध्ये) विसंगती सापडली तर हे म्हणतं, आणि म्हणताना टाकतं काय? आयएई! आमच्याच एका कंपॅरेटरमध्ये दोन गोष्टी समान असताना शून्य परत करायचं राहून गेलं होतं.

गंमत पुढे आहे. ३२ पेक्षा कमी घटक असतील तर टिमसॉर्टला तुकडे जोडण्याची वेळच येत नाही, आणि ती विसंगती सापडते ती जोडताना. आमच्या टेस्टमध्ये पाच-सहा घटकांच्या याद्या. लहान ग्राहकांच्या याद्याही लहानच. फक्त या बिचाऱ्यांची यादी मोठी होती. बग आमचा, आणि आम्ही त्यांना आठवडाभर सांगत होतो की तुमची विनंती चुकीची आहे.

चूक टिमसॉर्टची नाही, त्याने आयएई टाकली ती योग्यच. त्याच्या दृष्टीने कॉल करणारा कोण, तर आमचा कोड, आणि आमच्या कोडनेच वाईट कंपॅरेटर दिला. आम्ही मात्र ती 'ग्राहकाने चुकीचं दिलं' अशी वाचली. आयएई म्हणजे 'मला ज्याने लगेच वरून कॉल केला तो चुकला', एवढंच. वेशीवर उभा असलेला ग्राहक आणि दहा मजले खाली असलेली मेथड यांच्यात नऊ कॉल करणारे असतात.

तेव्हापासून माझा एक कायदा आहे. बाहेरून आलेली माहिती वेशीवरच तपासायची आणि तिथे आयएई वापरायची नाही. तिथे आमचा स्वतःचा एक वेगळा प्रकार, आणि फक्त त्याचाच ४०० होतो. वेशीच्या आत कुठेही आयएई उडाली तर तो आमचा बग, सरळ ५००, अलार्म वाजू दे.

---

शून्यवत

हे वाचून आत्ताच आमचा हँडलर उघडून बघितला. आयएईला ४००. हातपाय गार पडले.

---

नवी_पाटी

पडद्यामागचा, म्हणजे तिसरे रिव्ह्यूअर बरोबर? वेगळा क्लास बनवायचा?

---

पडद्यामागचा

ते एका प्रश्नावर ठरतं: हे एक्सेप्शन वेगळं पकडून कोणी काही वेगळं करणार आहे का? आमच्या वेशीवरचा प्रकार पकडला जातो आणि त्याचा ४०० होतो, म्हणून तो जन्माला आला. तुमच्या 'चुकीचा तारीखपट्टा'ला कोण पकडणार? कोणीच नसेल तर तो आयएईच आहे, फक्त नाव लांबलचक.

---

सेमीकोलन

मी एका प्रोजेक्टमध्ये असं घराणं पाहिलंय. प्रत्येक फील्डमागे एक एक्सेप्शन क्लास. नाव रिकामं, नाव लांब, नावात आकडा... सगळे एकाच ठिकाणी, एकाच कॅचमध्ये पकडले जात आणि संदेश तेवढा छापला जाई. तो संदेश आयएईमध्येही मावला असता.

---

अजगरप्रेमी

पडद्यामागचा यांचा मुद्दा जावाने स्वतः एका ठिकाणी सुंदर दाखवलाय (मी पायथनवाला असून जावाचं कौतुक करतोय, नोंद घ्यावी). यूआरआय (वेबपत्त्यासारखा पत्ता) बनवायचे तिथे दोन रस्ते आहेत. 'न्यू' करून बनवलात तर चुकीच्या स्ट्रिंगला यूआरआय सिंटॅक्स एक्सेप्शन मिळतं, चेक्ड प्रकारचं. कंपायलर तुम्हाला ते हाताळायलाच लावतो. आणि 'क्रिएट' मेथडने बनवलात तर तीच चूक आयएईमध्ये गुंडाळून मिळते. तीच स्ट्रिंग, तीच चूक, एक्सेप्शन दोन. का? तर 'क्रिएट' ही कोडमध्येच लिहून ठेवलेल्या पत्त्यांसाठी आहे. तिथे चूक असेल तर ती प्रोग्रॅमरची, पकडून काय करणार. 'न्यू' बाहेरून आलेल्या पत्त्यासाठी, तिथे चूक होणारच हे गृहीत धरलंय.

एक्सेप्शन किमतीवरून ठरलेलं नाही, किंमत कुठून येणार यावरून ठरलंय.

---

जुनेजाणते

अगदी हेच आमच्या 'एसटीओआय'मध्ये हुकलं.

---

उगाच_विचारतो

नवशिका प्रश्न, हसू नका. असर्ट ('ही अट खरी असलीच पाहिजे' असं सांगणारी ओळ) का नाही वापरायचं? एका ओळीत काम होतं.

---

सेमीकोलन

हसत नाही. जावाच्या १.४ आवृत्तीत (२००२) असर्ट आलं, पण ते मुळात बंद असतं, चालू करायला वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. म्हणजे तुमची तपासणी प्रॉडक्शनमध्ये बहुधा चालतच नसणार. पायथनमध्ये उलट, मुळात चालू, पण '-ओ' फ्लॅग दिला की सगळे असर्ट गायब. स्वतःच्या डोक्यातली गृहीतकं तपासायला असर्ट उत्तम. दुसऱ्याने दिलेलं आर्ग्युमेंट तपासायला नको.

---

उगाच_विचारतो

धन्यवाद. आणखी एक. इल्लीगल स्टेट एक्सेप्शन आणि आयएई यांत माझा नेहमी गोंधळ होतो. बंद केलेल्या फाइलवर वाचायला गेलो तर फाइल हेही आर्ग्युमेंटच नाही का एका अर्थी?

---

शार्प_नजर

एक सोपी कसोटी आहे. त्या क्षणी दुसरी कुठलीही किंमत दिली असती तर काम झालं असतं का? झालं असतं तर दोष आर्ग्युमेंटचा. काहीही दिलं असतं तरी नसतंच झालं, तर दोष अवस्थेचा. बंद फाइलला 'दहा बाइट वाच' म्हणा नाहीतर 'एक वाच' म्हणा, वाचणार नाही. म्हणून स्टेट. डॉटनेटमध्ये याला इनव्हॅलिड ऑपरेशन एक्सेप्शन म्हणतात, आणि विल्हेवाट लागलेल्या ऑब्जेक्टसाठीचं ऑब्जेक्ट डिस्पोज्ड एक्सेप्शन त्याचंच मूल.

---

शून्यवत

कसोटी छान आहे, पण ती फसते ते ठिकाणही सांगा की. सहा जागा शिल्लक आहेत आणि कोणी दहा मागितल्या. पाच मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या, म्हणजे कसोटीप्रमाणे आयएई. पण मागणाऱ्याला सहाच उरल्यात हे कळणार कसं? त्याने विचारलं तेव्हा बारा होत्या, मधल्या क्षणात दुसऱ्याने सहा नेल्या. त्याचं आर्ग्युमेंट अवैध म्हणणं अन्याय आहे.

---

पडद्यामागचा

बरोबर, आणि म्हणूनच तिथे यांपैकी एकही नको. जागा संपणं ही चूक नाही, ते एक उत्तर आहे. परत येणाऱ्या किमतीत सांगा: 'मिळाल्या नाहीत, सहा उरल्यात'.

जावाच्या ब्लॉकिंग क्यूमध्ये दोन्ही वाटा शेजारी-शेजारी आहेत. भरलेल्या रांगेत 'अॅड' केलंत तर इल्लीगल स्टेट एक्सेप्शन, 'ऑफर' केलंत तर नुसतं फॉल्स. रांग भरणं तुमच्या दृष्टीने अनर्थ आहे की रोजचं आहे, ते तुम्ही मेथड निवडून सांगता. डॉटनेटमधलं 'पार्स' आणि 'ट्राय पार्स' हेही तसंच.

---

जंगलेला

रस्टवाला. आमच्याकडे एक्सेप्शन नाहीच, त्यामुळे मी फक्त मजा बघतोय. पण प्रश्न तोच आहे हो. स्लाइसला कंसात चुकीचा इंडेक्स दिला तर पॅनिक (काम तिथेच कोसळतं), 'गेट' केलं तर ऑप्शन ('किंमत आहे' किंवा 'नाही' असं उत्तर) परत. चूक तुमची की जगाची, हे तिथेही लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

---

शार्प_नजर

एक खड्डा कोणी सांगितला नाही, मी त्यात पडलोय म्हणून सांगतो. योग्य एक्सेप्शन चुकीच्या वेळी उडणं.

सी शार्पमध्ये 'यील्ड रिटर्न' असलेली (मागितल्यावर एकेक किंमत देणारी) मेथड असेल, तर तिच्या पहिल्या ओळीतली नल तपासणी मेथड कॉल केल्यावर चालत नाही. कोणीतरी त्या यादीवर फिरायला सुरुवात केली की मग चालते. तोवर ती यादी तीन क्लास ओलांडून चौथ्यात पोचलेली असते. स्टॅक ट्रेसमध्ये नल देणाऱ्याचं नावनिशाण नाही, दिसतो तो बिचारा फक्त लूप फिरवणारा. पायथनच्या जनरेटरलाही हाच आजार. असिंक (निकालाची वाट न बघता सुरू होणाऱ्या) मेथडचंही थोडं तसंच: एक्सेप्शन टास्कमध्ये, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाच्या डब्यात, जाऊन बसतं आणि कोणी 'अवेट' करेपर्यंत गप्प राहतं.

उपाय म्हणजे मेथडचे दोन भाग करायचे. बाहेरची साधी, ती तपासते. आतली यील्डवाली, ती काम करते. सी शार्प ७ पासून (२०१७) आतली मेथड लोकल फंक्शन म्हणून तिथेच लिहिता येते.

---

अजगरप्रेमी

हो, आणि आम्ही बहुधा हे दोन भाग करायला विसरतो.

---

जुनेजाणते

एक्सेप्शनच्या नावावर इतकी चर्चा झाली, संदेशावर कोणीच बोलेना. माझ्या अनुभवात रात्री उपयोगी पडतो तो संदेश. 'अवैध किंमत' एवढंच लिहिणाऱ्याला मी एक दिवस लॉग वाचायला बसवणार आहे. कोणतं पॅरामीटर, काय आलं आणि काय चालतं, या तीन गोष्टी हव्यातच. 'ओळी: -५ आले, १ ते ५०० चालतात.' झालं. फक्त पासवर्ड किंवा कार्डाचा आकडा असेल तर आलेली किंमत छापू नका, लॉग दहाजण वाचतात.

---

शून्यवत

आणि एक्सेप्शनचा प्रकार नंतर बदलू नका. कॉल करणाऱ्यांपैकी कोणीतरी तो नावाने पकडत असतं. कोटलिन १.४ मध्ये (२०२०) नल न चालणाऱ्या पॅरामीटरला जावाच्या कोडमधून नल आला तर आधी आयएई यायची, ती बदलून एनपीई केली. ज्यांच्या टेस्ट आयएईची वाट बघत होत्या, त्या लाल.

(म्हणजे सेमीकोलन, कोटलिनवाले शेवटी तुमच्याच बाजूला आले. मान्य करताना त्रास होतोय.)

---

सेमीकोलन

नोंद घेतली, फ्रेम करून लावतो.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर जावाचा रिवाज मी सांगितला तितका सोवळा नाही. 'पार्स इंट'ला नल द्या, नंबर फॉरमॅट एक्सेप्शन येतं, आणि ते आयएईचं मूल. 'पार्स डबल'ला नल द्या, एनपीई येते. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन मेथड! ३० फेब्रुवारी ही तारीख 'लोकल डेट'कडे मागा, डेट टाइम एक्सेप्शन मिळतं, ते आयएईच्या घराण्यातलं नाहीच. आणि 'लिस्ट ऑफ'ने बनवलेल्या यादीला 'तुझ्यात नल आहे का' असं नुसतं विचारलं तरी ती एनपीई तोंडावर फेकते. 'नाही' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?

---

नवी_पाटी

बापरे, धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. काय ठरलं ते सांगते.

मेथड आमच्याच कोडमधून कॉल होते, म्हणून आत साधेच नियम ठेवले. नल तारखेला 'रिक्वायर नॉन नल', संदेशासकट. उलटा तारीखपट्टा आणि ओळींचा आकडा यांना आयएई, जुनेजाणते यांच्या पद्धतीचा संदेश. नवीन क्लास नाही. तिसऱ्या रिव्ह्यूअरना विचारलं, 'हे पकडणार कोण?' ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे.

पण खरी तपासणी आता वर सरकली आहे, स्क्रीनवरून तारखा येतात तिथे. तिथे एक्सेप्शन टाकतच नाही. सगळ्या चुका एका यादीत गोळा करून एकदम परत देतो. नाहीतर माणूस एक चूक सुधारतो, दुसरी कळते, ती सुधारतो, तिसरी कळते. आणि हो, आमच्याकडेही आयएईला ४०० देणारा हँडलर निघाला. काढून टाकला. पहिल्याच दिवशी दोन ५०० आले, दोन्ही आमचे बग. किती दिवस तिथे होते कोण जाणे.

एक प्रश्न उरलाय. तारीखपट्टा किती दिवसांचा चालेल ती मर्यादा कॉन्फिगरेशनमधून येते. परवा कोणीतरी ती चुकून ० करून ठेवली, तर कुठलाही तारीखपट्टा चालेना आणि सगळ्यांना आयएई मिळत राहिली. शार्प_नजर यांच्या कसोटीप्रमाणे ही स्टेटची चूक ना?

---

शार्प_नजर

कसोटीप्रमाणे हो. कुठलीच किंमत चालली नसती.

---

पडद्यामागचा

हो, पण त्या मेथडपर्यंत पोचूच का द्यायची? ० ही मर्यादा कॉन्फिगरेशन वाचणाऱ्या कन्स्ट्रक्टरला दिलेलं चुकीचं आर्ग्युमेंट आहे. तिथेच आयएई टाका, सेवा सुरूच होणार नाही. ज्याने ० लिहिलं तो अजून टर्मिनलसमोर बसलेला असतानाच त्याला कळेल.

---

नवी_पाटी

आत्ता बदलते.